जुनेराची कूळकथा

जुनेर हा शब्द शहरातल्या नव्या पोरांना ठाऊक असेल असं वाटत नाही. नेसून नेसून मऊ पडलेलं, जागोजाग विरलेलं लुगडं म्हणजे जुनेर. त्याच्या खालची पायरी धडुतं, मग पटकूर, आणि शेवटी चिंधी. फाटत जाणाऱ्या कापडाच्या दर पायरीला आपल्याकडं वेगळं नाव आहे. ज्या गोष्टीशी माणसाचा रोजचा संबंध असतो तिलाच अशी नावं पडतात.

आमच्या बीड भागात कापडाला एकच जन्म कधी नव्हता. नवं लुगडं आलं की ते आधी सणावाराला, लग्नाकार्याला. त्याचा रंग उडाला की घरात. घरात विरलं की शेतात. शेतात बोराटीच्या काट्यानं त्याच्या चिंध्या व्हायला लागल्या की ते नेसण्यातून बाद, पण घरातून बाद नाही. मधला धड भाग काढून त्याचं बाळाचं दुपटं, झबलं, कुंची व्हायची. नव्या कापडाची खळ बाळाच्या अंगाला टोचते, म्हणून पहिलं झबलं जुन्याचंच, असा बायांचा नियम होता. उरलेल्या लांब कापडाची झोळी आढ्याला बांधली की पाळण्याचा खर्च वाचला. कापूस वेचायला जाताना कंबरेला ओटी बांधायची तीही जुनेराचीच. काठ मजबूत असायचा, तो फाडून नाडी. डोक्यावर घागर घ्यायला चुंबळ, भाकरीच्या टोपल्यात फडकं, चूल सारवायला पोतेरं, जुवानं बैलाचा खांदा सोलला तर जुवाला गुंडाळायला पट्टी. अगदीच काही उरलं नाही तर पिळा देऊन तेलात बुडवायचं. काकड्याला देवळात लागायचंच. आणि जळालं नाही ते उकिरड्यात. दोन पावसाळे खाल्ले की ते सुती कापड खतात मिसळून शेतात जायचं. शेतातून कापूस म्हणून निघालेलं माती होऊन परत शेतात. मधे पंधरा-वीस वर्षं त्यानं माणसाची चाकरी केलेली असायची.

हे सगळं काही कुणी पर्यावरण वाचवायला करत नव्हतं. कापड मिळत नव्हतं, म्हणून करत होते. माझी आजी सांगायची की तिच्या उमेदीत बाईला वर्षाला दोन लुगडी मिळाली तर ते घर बरं समजायचे. त्यात दुसरं महायुद्ध आलं. मिलचं कापड फौजेला जायला लागलं, बाजारात भाव भडकले, आणि १९४३ साली इंग्रज सरकारनं कापडावर आणि सुतावर नियंत्रण आणलं. आमचा मुलूख तेव्हा निजामाचा, १९४८ पर्यंत तसाच राहिला. पण टंचाईला सरहद्द नसते. आजी म्हणायची, एकाच घरातल्या सासू-सुनांकडं बाहेर नेसून जायला धड लुगडं एकच असायचं. एक बाजारला गेली की दुसरी घरात. ही गोष्ट ती हसत हसत सांगायची, पण ऐकणाऱ्याला हसू येत नसे.

१९७२ चा दुष्काळ मी स्वतः बघितला. तेव्हा मी बारा-तेरा वर्षांचा होतो. माय आणि दादा रोजगार हमीच्या खडीवर जायचे. खडी फोडताना हाताला फोड यायचे, तर माय धोतराच्या चिंध्या तळहाताला गुंडाळून हातोडा धरायची. संध्याकाळी त्याच चिंध्या धुवून मेढीला वाळत टाकायची, सकाळी पुन्हा त्याच. त्या वर्षी आमच्या घरात नवं कापड आलं नाही. शाळेची चड्डी मागं फाटली तर तिला ठिगळ, ठिगळ फाटलं तर त्यावर दुसरं ठिगळ. मास्तरांनी कधी त्यावरून बोल लावला नाही, कारण पुढच्या रांगेपासून मागच्या रांगेपर्यंत सगळ्यांच्या चड्ड्या तशाच.

जुनेराचा मोठा मान होता तो वाकळीत. कुणी तिला गोधडी म्हणतं, कुणी लेपाटं; आम्ही वाकळ म्हणतो. सुगी उरकली, उन्हाळा लागला, हाताला काम कमी झालं की बाया वाकळी शिवायला बसायच्या. आधी अंगण शेणानं सारवून घ्यायचं. खाली एक धड जुनेर पसरायचं, चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. त्यावर धोतराचे तुकडे, सदऱ्याच्या पाठी, परकराचे घेर, जे असेल ते अंथरायचं. कुठं खड्डा, कुठं उंचवटा राहू द्यायचा नाही. शेत सपाट करावं तसं. वरून दुसरं जुनेर. मग लांब टाके घालून सगळं टाचायचं आणि कडेपासून धावदोरा घालत घालत, शेताला नांगराचे वेढे घालावेत तसं, मधे मधे यायचं. चार बाया चार बाजूंनी बसल्या तरी एका वाकळीला आठवडा सहज जायचा. टाके जितके जवळ तितकी वाकळ टिकाऊ. एका बोटाच्या पेरात किती टाके बसतात त्यावर बाईचा हात ओळखला जायचा.

दसरा झाला की आमच्या भागातली निम्मी गावं ऊसतोडीला उठतात. पूर्वी बैलगाडीत, आता ट्रकमध्ये नाहीतर ट्रॅक्टरच्या मागं. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडं एक कोयता म्हणतात. त्या कोयत्याच्या संसारात सगळ्यात वजनदार वस्तू वाकळीच असतात. फडाच्या कडेला पाचटाच्या कोपीत, पौष महिन्याच्या थंडीत, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, लेकरांना ऊब देते ती गावाकडच्या धडुत्यांची वाकळ. कारखाना साखर कुणालाही विकू दे, ती तोडणाऱ्याचं पांघरूण फाटक्या कापडातून आलेलं असतं.

आता जुनेराची दुसरी बाजूही सांगायला हवी. नाहीतर ही कूळकथा नुसती गोडगोड होईल. आपलं जुनं आपण वापरणं वेगळं, आणि दुसऱ्याचं उतरलेलं अंगावर घ्यावं लागणं वेगळं. गावगाड्यात महारांच्या हक्कांत मढ्यावरचं कापड मोजलं जायचं. त्याला हक्क म्हणायचे, पण ज्याला ते नेसावं लागायचं त्याला विचारा की तो हक्क होता का शिक्षा. वरच्या आळीतून टाकलेलं धडुतं खालच्या आळीत जायचं, आणि लुगडं कसं नेसायचं, अंगावर काय घालायचं यावरूनही जात ओळखू यावी असा कटाक्ष असायचा. १९२७ च्या डिसेंबरात महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बायांपुढं भाषण केलं तेव्हा त्यांनी नेमका या गोष्टीवर हात घातला. जातीची खूण सांगणारी नेसण्याची पद्धत आणि दागिने टाकून द्या, बाकीच्या बाया नेसतात तसं नेसा, असं त्यांनी सांगितलं. कापडाचा प्रश्न हा अब्रूचा प्रश्न आहे हे त्यांनी ओळखलं होतं.

याच देशात अडीच हजार वर्षांपूर्वी बुद्धानं भिक्खूंना टाकून दिलेल्या चिंध्या जोडून केलेलं चीवर दिलं. विनयपिटकात अशी कथा आहे की मगधातली भातशेती दाखवून बुद्धानं आनंदाला विचारलं, या बांधाबांधांच्या शेतासारखं चीवर शिवता येईल का? आनंदानं तसं शिवलं. चीवरावर आजही ते बांध दिसतात. मला शेतकऱ्याला ही कथा फार आवडते. आणि आपल्याकडं गाडगेबाबा. १८७६ साली वऱ्हाडात जन्मलेला हा माणूस अंगावर चिंध्या जोडलेला कपडा घालून, हातात झाडू आणि गाडगं घेऊन गावोगाव फिरला. लोक त्यांना चिंधेबुवा, गोधडेबुवा म्हणायचे. त्यांनी शाळा काढल्या, धर्मशाळा बांधल्या, अंगावर मात्र चिंधीच ठेवली. पण बुद्धानं आणि गाडगेबाबांनी चिंधी स्वतः होऊन पत्करली. फरक इथंच आहे. आपण होऊन घेतलेली चिंधी माणसाला मोठं करते, दुसऱ्यानं लादलेली चिंधी त्याला खाली दाबते.

पुढं टेरीकॉट आलं. मी दहावीत असेन, तेव्हा गावात सरपंचाच्या पोराकडं पहिला टेरीकॉटचा सदरा. इस्तरी लागत नाही, चुरगळत नाही, फाटत नाही, याचं आम्हाला केवढं नवल! बायांसाठी नायलॉनची पातळं आली. माय म्हणाली, "हे फाटतच नाही, मग वाकळीला येणार कधी?" आलं तेव्हा कळलं की नायलॉनच्या वाकळीला ऊब नाही, ती अंगावरून घसरते, आणि उन्हाळ्यात तिच्यावर झोपलं की घामानं पाठ चिकटते. तिकडं मुंबईत १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या पाठीमागं अडीच लाखांच्या आसपास कामगार. संप मिटल्याचं कुणी रीतसर सांगितलंच नाही, गिरण्या मात्र एकामागून एक बंद पडत गेल्या. आमच्या गावचे दोघं तेव्हा हात हलवत परत आले. त्यांच्याबरोबर दर दिवाळीला येणारं मिलचं धोतर, पंचा, चादर हेही बंद झालं. त्यानंतर धोतर नेसणारी पिढीच संपत गेली आणि वाकळीच्या पोटात घालायचं मऊ सुती कापड घरात राहिलं नाही.

ती जागा टी-शर्टनं घेतली. हा मूळचा अमेरिकेच्या नौदलात आत घालायचा कपडा. पसरून ठेवला तर इंग्रजी टी अक्षरासारखा दिसतो म्हणून हे नाव. आपल्या देशात तो मुख्यतः तमिळनाडूतल्या तिरुपूरला तयार होतो. बनियनचं कापडही तिथलंच. गावात तो विकत कमी आणि फुकट जास्त आला. बियाण्याच्या कंपनीचा, खताच्या कंपनीचा, निवडणुकीतल्या उमेदवाराचा, गणपती मंडळाचा, कबड्डीच्या संघाचा. पोरं पुण्याला कामाला गेली, त्यांचे उतरलेले वेगळेच. आमच्या घरातले मी एकदा मोजले तर चौतीस निघाले. घरात वापरणारी माणसं पाच.

त्यातला एक मला कायमचा लक्षात आहे. एका कंपनीच्या माणसानं शेतकरी मेळाव्यात कापसाच्या बियाण्याच्या दोन पिशव्यांवर एक टी-शर्ट दिला. पाठीवर बोंडांनी लदबदलेलं झाड छापलेलं. त्या वर्षी पाऊस वेळेवर झाला, मशागत चोख होती, पण बियाणं निम्मंसुद्धा उगवलं नाही. पंचनामा झाला, भरपाई आली नाही. टी-शर्ट मात्र नऊ वर्षं टिकला. कारभारणीनं एकदा त्याच्या शिवणीतला धागा काढून काडीनं पेटवला. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख होते. हा वितळला आणि त्याची काळी टणक गोळी झाली. म्हणजे कापूस पिकवणाऱ्याला कापसाच्या बियाण्यावर फुकट दिलेल्या कपड्यात कापसाचा एक तंतू नव्हता!

टी-शर्टचं करायचं काय, हा प्रश्न घरोघरच्या बायांपुढं आला, आणि त्याचं उत्तर त्यांनीच हळूहळू काढलं. पहिल्यांदा त्या शिवायला बसल्या तेव्हा जमेना. धोतराचं कापड उभ्या-आडव्या धाग्यांचं. दातानं कड तोडून टर्रकन ओढलं की सरळ फाटतं. टी-शर्टचं कापड स्वेटरसारखं फाशांत फासा अडकवून गुंफलेलं. ते फाटत नाही, ताणतं. कात्रीनंच कापावं लागतं, आणि वाकळीत घातलं तर टाका ओढला की चुण्या पडतात. दोन-तीन वाकळी अशा वेड्यावाकड्या झाल्यावर कारभारणीनं युक्ती काढली. टी-शर्टचे तुकडे फक्त मधल्या थरात, तेही न ताणता अंथरायचे, आणि खाली-वर दोन्ही बाजूंना सुती साडी. टाके थोडे लांब. मग वाकळ सपाट येते आणि अंगाला उबही धरते. वाकळीला टी-शर्ट घ्यायचा तर आधी धागा जाळून बघायचा, राख झाली तर आत, गोळी झाली तर बाहेर, हा आमच्या घरचा नियम झाला.

दुसरं, शेतातलं. ऊस तोडताना, ज्वारी काढताना पातीनं हात चिरतात, म्हणून आमच्याकडच्या बाया साडीवर गड्याचा जुना सदरा चढवतात. आता त्या जागी लांब बाह्यांचा टी-शर्ट आला. त्यामुळं मुलखातल्या कुठल्याही फडात गेलात तर साडीवर मागच्या निवडणुकीत पडलेल्या उमेदवाराचा फोटो पाठीवर घेऊन बाया वाकून काम करताना दिसतील. निवडून आलेल्याचाही दिसतो. त्याचाही उपयोग तेवढाच.

तिसरं काम सूनबाईचं. ती बारावी शिकलेली, बचत गटात जाते. २०१८ च्या मार्चमध्ये राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली आणि जूनपासून दंड सुरू झाला, तेव्हा तिनं जुन्या टी-शर्टच्या पिशव्या करायला घेतल्या. बाह्या कापायच्या, गळा जरा खोल कापायचा, म्हणजे वरचे दोन पट्टे आपोआप धरायला कान होतात. उलटा करून खालची कड मशीनवर दोनदा शिवली की पिशवी तयार. मशीन नसेल तर खालच्या कडेला बोटभर पट्ट्या कापून समोरासमोरच्या दोन-दोन पट्ट्यांना गाठी मारायच्या. सात-आठ किलो कांदे बाजारातून आणले तरी तुटत नाही. कापड ताणतं हा जो वाकळीतला दोष, तोच पिशवीत गुण ठरला.

पायपुसणं आणि दोरीसाठी ती वेगळंच करते. बगलेखालचा सगळा नळा कापून घेते. तो आडवा धरून एक कड न कापता बोटाच्या दीड पेराएवढ्या पट्ट्या पाडते, आणि न कापलेल्या कडेवर तिरप्या कात्रीनं एका पट्टीला पुढची पट्टी जोडत नेते. मोठ्या माणसाच्या एका टी-शर्टातून अशी पंधरा-सोळा मीटर अखंड पट्टी निघते. हातानं ताणली की तिच्या कडा आत वळतात आणि गोल दोरी होते. कापड उसवत नाही, दशा निघत नाहीत. तीन दोऱ्यांची वेणी घालून गोल गोल शिवली की पायपुसणं, तीच बारीक विणली की तांब्याखालची चुंबळ, हळदी-कुंकवाला द्यायचा बटवा, नातीच्या केसांना पट्टा. मी त्यातली पट्टी मळ्यात नेतो. टोमॅटोचं झाड काठीला सुतळीनं बांधलं तर खोड वाढताना काचतं. ही पट्टी झाडाबरोबर ताणते, त्यामुळं खोडाला वळ पडत नाही. कापूस वेचायला मात्र ही दोरी आणि रंगीत टी-शर्टची ओटी वापरायची नाही. त्याचा रंगीत धागा कापसात गेला की व्यापारी नाक मुरडतो, आणि तिथं त्याचं म्हणणं खरंही असतं.

२०२० साली करोना आला, बाजार बंद झाले, तेव्हा मास्क हा शब्द गावात पहिल्यांदा शिरला. सरकारनंही घरच्या सुती कापडाचा मास्क चालेल असं सांगितलं. सूनबाईनं आठवड्याभरात अख्ख्या गल्लीला टी-शर्टचे मास्क करून दिले. पुण्याहून पायी आलेल्या पोरांना शाळेत ठेवलं होतं, त्यांनाही. माझी माय तेव्हा ऐंशीच्या पुढची. ती म्हणाली, "नाकाला फडकं लावायला आता सरकारनं सांगावं लागतं व्हय? मळणीला आम्ही काय करत होतो?"

तरीही चौतिसातले सगळे टी-शर्ट असे कामी लागत नाहीत, हे खरं आहे. उरलेले कुठं जातात? शहरात पूर्वी बोहारीण यायची, डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन. दहा कपड्यांवर एक पातेलं, घासाघीस करून. तिच्याकडचे धड कपडे जुन्या बाजारात पुन्हा विकले जायचे. चिंध्या मशीन पुसायला कारखान्यात जायच्या. त्याहून मोठा धंदा हरयाणात पानिपतला चालतो. आपल्याला ते नाव १७६१ च्या घावामुळं ठाऊक. तिथं देशोदेशीचे जुने लोकरी कपडे येतात, यंत्रात पिंजले जातात, त्यांचं पुन्हा सूत होतं आणि स्वस्त ब्लँकेटं निघतात. ज्या गावाचं नाव काढलं की मराठी माणसाला थंडीत झालेली उपासमार आठवते, त्याच गावातून आज गरिबाचं पांघरूण येतं.

पण आमच्या गावात बोहारीण येत नाही आणि पानिपत लांब. गावातले उरलेले टी-शर्ट उकिरड्यात जातात. सुती असला तर कुजतो. गोळी होणारा कुजत नाही. शेणखताबरोबर शेतात येतो, पाळी घालताना कुळवाच्या फासाला गुंडाळला जातो, रोटावेटरच्या पात्यात अडकतो. पेटवला तर त्या धुराचा वास दिवसभर नाकातून जात नाही. माझ्या आजोबांच्या धोतराची माती झाली. माझ्या नावावरच्या सात-बाराच्या मातीत मात्र नातवाला त्या कंपनीचं बोंडांचं चित्र सापडणार आहे.

एक हिशोब मांडतो आणि थांबतो. सुती टी-शर्टचं वजन साधारण १६० ग्रॅम. सूत, विणाई, कटाई यात जाणारी घट धरली तर त्याला २०० ग्रॅम रुई लागते. कापसातून तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास रुई निघते, बाकी सरकी. म्हणजे एका टी-शर्टला सहाशे ग्रॅम कापूस. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७५२१ रुपये होता. त्या हिशोबानं एका टी-शर्टमागं शेतकऱ्याला ४५ रुपये, तेही हमीभाव मिळाला तर. त्यात बियाणं, खत, फवारणी, वेचणी सगळं आलं. एका टी-शर्टला २७०० लिटर पाणी लागतं असा आकडा पर्यावरणवाले सांगतात. आमचा कापूस कोरडवाहू, तो आभाळातून पडेल तेवढंच पितो. पण पाणी आभाळातलं असलं म्हणून ते फुकटचं होत नाही. ते त्या वर्षीचं आमचं सगळं भांडवल असतं.

म्हणून चार वेळा घालून टी-शर्ट फेकणाऱ्या पोराला मी जुना काळ बरा होता असं सांगत नाही. तो बरा नव्हता. सासू-सुनांत एक लुगडं आणि मढ्यावरचं कापड, तो काळ कुणालाही पुन्हा न येवो. मी फक्त एवढंच सांगतो की फेकण्याआधी एक धागा काढून जाळून बघ. राख झाली तर ते कुणाच्या तरी शेतातून आलंय. त्याची पिशवी कर, वाकळीला दे, माझ्या टोमॅटोला दे. गोळी झाली तर ते मातीत जाणार नाही, मग निदान घरात तरी त्याला काम दे. आमच्या बायांनी हे काम कुठल्या शाळेत न जाता केलं. त्यांच्या हातची एखादी जुनी वाकळ उसवून बघा: वरच्या थराला मुलाच्या पुण्याचा टी-शर्ट, त्याखाली टेरीकॉट, त्याखाली मिलचं धोतर, आणि सगळ्यात तळाला एखाद्या आजीचं दुष्काळातलं जुनेर. घराचा शंभर वर्षांचा इतिहास तिथं एकावर एक अंथरलेला सापडेल, धावदोऱ्यानं पक्का बांधलेला.